वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्यांनी ज्यांनी म्हणून कधी शाळा सोडली, त्यांच्यापैकी या रकान्यात 'चांगली' याखेरीज दुसरा शब्द असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्यानं विज्ञानाच्या सरांच्या खणात जिवंत खेकडा ठेवला, त्याची वर्तणूक चांगली. ज्यानं घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा परीक्षेच्या आदल्या रात्री विहिरीत सोडला, त्याचीही चांगली. आणि ज्यानं ही दोन्ही कामं एकाच वर्षात केली तो पुढे पंचायत समितीवर निवडून आला, त्यामुळे त्याची तर मागच्या तारखेपासूनच चांगली ठरली.

याचं रहस्य मला एका जुन्या कारकुनानं सांगितलं. "वाईट लिहिलं तर दुसरी शाळा घेत नाही. मग तो आपल्याच गळ्यात राहतो."

म्हणजे माध्यमिक शाळेतल्या वर्तनाचा निकष पूर्वीच ठरलेला आहे, तो एका शब्दाचा आहे आणि त्याला उतरणाऱ्यांचं प्रमाण शंभर टक्के आहे. एवढा उज्ज्वल निकाल बोर्डालाही कधी जमलेला नाही. असं असताना आमच्या शाळेला नव्यानं शिस्तीचे निकष ठरवावेसे का वाटले, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका डोक्यात, किंबहुना डोक्यावर, आहे.

आमची शाळा महाड आणि पोलादपूर यांच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, कारण माझी मुलगी अजून तिथे शिकते. मे महिन्याची सुट्टी मुंबईला काकाकडे काढून दहावीतला एक मुलगा जूनमध्ये परत आला, तो बाजूंनी सरळ तुटलेला कडा आणि वर टकमक टोक अशी केसांची रचना घेऊन. आठवडाभरात वर्गातल्या निम्म्या मुलांनी बिरवाडीला आणि महाडच्या बाजारपेठेत जाऊन तोच किल्ला बांधून घेतला. पालक-शिक्षक संघाच्या सभेत यावर दोन तास चर्चा झाली. पहिलीपासून ज्यांना पाढे येत नाहीत अशा मुलांबद्दल त्या सभेत पाच मिनिटं बोलणं झालं होतं. शेवटी एक शिस्त समिती नेमावी आणि तिनं विद्यार्थ्यांच्या वर्तनाची आचारसंहिता लिहून काढावी, असा ठराव टाळ्यांत मंजूर झाला.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गावात त्यांना अजूनही सगळे मोठे सर म्हणतात आणि नवीन मुख्याध्यापकांना नुसतं सर, त्यामुळे नवीन सर सभेत फारसे बोलत नाहीत. दुसरे सदस्य उपसरपंच. तिसरे एमआयडीसीत पाळीत काम करणारे एक पालक. ते रात्रपाळी करून थेट सभेला येत, बसल्या बसल्या झोपत आणि हात वर करायची वेळ आली की न चुकता जागे होत. चौथे एक आजोबा. त्यांचा मुलगा आणि सून मुंबईला, नातू गावाला, आणि शाळेच्या दप्तरात 'पालक' म्हणून सही आजोबांची. आमच्याकडे ही पद्धतच आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून कमावता माणूस मुंबईला किंवा सुरतेला, आणि पालक सभेला आज्या. या आज्यांना सर मुलाची तक्रार सांगतात तेव्हा त्या शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्याचा बाप पण असाच होता, तुम्हीच शिकवलात ना त्याला?" पाचवा सदस्य मी. मी लिहितो असं कुणाच्या तरी कानावर होतं. सहावी, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून, नववीतली एक मुलगी. कोतवालच्या बाजूची, एस.टी.नं येणारी. तिला घ्यायला कुणी हरकत घेतली नाही, कारण ती काही बोलणार नाही अशी सर्वांची खात्री होती.

पहिल्या बैठकीत आजोबांनी विषय एका वाक्यात संपवला. "निरगुडीचा फोक आणा, आचारसंहिता कशाला लागते?" आमच्या पिढीला आमच्या वडिलांनी गुरुजींना 'मांस तुमचं, हाडं आमची' असं सांगून शाळेत घातलं होतं, या वाटणीत आम्हाला स्वतःला काही मिळाल्याचं स्मरत नाही. नवीन सरांनी घसा साफ करून सांगितलं, की शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला, त्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. हा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी, आणि त्या तारखेमुळे काही जणांना तो बरेच दिवस खरा वाटला नाही. पण तो खरा आहे आणि चांगला आहे. मुलांना मारण्याच्या बाजूनं बोलणारे लोक नेहमी म्हणतात, "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो." हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाकडे जरा निरखून पाहावं.

मानसिक छळाची व्याख्या मात्र अवघड आहे. आमच्या वेळचे मराठीचे सर हातात खडूशिवाय काही धरत नसत. ते वही बघायचे, चष्मा काढायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, "वडील काय करतात?" त्यापेक्षा फोक बरा, असं तेव्हा वाटायचं.

फोक बाद झाल्यावर नियमांकडे वळणं भाग पडलं. पहिला नियम अर्थातच वेळेचा. 'विद्यार्थ्यांनी प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटं हजर असावं.' वाचायला सुंदर नियम आहे. पण आमच्याकडे मुलाची वेळ मुलाच्या हातात नसते, ती महाड आगाराच्या हातात असते. आगाराची वेळ घाटाच्या हातात, आणि घाटाची पावसाच्या. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास फुकट मिळतो ही फार मोठी गोष्ट आहे, पण पासवर बसून येता येत नाही, त्याला गाडी लागते. गाडी कधी दरड पडली म्हणून अडते, कधी समोरून येणारा ट्रक वळणावर फसला म्हणून. आंबेनळी घाटातलं धुकं तर हजेरी बघून पडत नाही.

आणि हमरस्त्यावरच्या मुलांचं तरी काय सांगावं? मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरुवात झाली. त्या जूनमध्ये जो मुलगा पहिलीत बसला तो २०२१ साली दहावीला आला. त्या वर्षी कोविडमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली, तरी तो पास झाला. रस्त्याचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे. अशा रस्त्यानं येणाऱ्या मुलाला 'वक्तशीरपणाचं महत्त्व' या विषयावर निबंध घालणारे शिक्षक त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यात दुचाकी घालून, दुसऱ्या तासाला पोचलेले असतात.

दुसरा नियम हजेरीचा. 'पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहू नये.' इथे मोठ्या सरांनी तानाजी मालुसऱ्यांचा दाखला दिला. उमरठ पोलादपूर तालुक्यात. समाधी तिथेच आहे. पोटच्या पोराचं लग्न बाजूला ठेवून माणूस मोहिमेवर गेला, आणि त्याच तालुक्यातली मुलं आत्येबहिणीच्या चुलतदिराच्या हळदीला तीन दिवस शाळा बुडवतात, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा बिनतोड होता. पण आमच्याकडे शाळेचं वर्ष आणि गावाचं वर्ष ही दोन वेगळी वर्षं आहेत आणि गावाचं वर्ष जुनं आहे. जुलैत भाताची लावणी. तेव्हा घरात दोन हात कमी पडतात आणि ते दोन हात नेमके आठवीत असतात. भाद्रपदात गौरी-गणपती; मुंबईकर येतात, आणि बाप वर्षातून एकदा घरी आलेला असताना मुलानं भूगोल शिकायला जावं ही अपेक्षा क्रूर आहे. मग महाशिवरात्रीला महाडच्या वीरेश्वराचा छबिना. त्यानंतर शिमगा, गावोगाव पालखी नाचते, खालू बाजा वाजतो, आणि नेमक्या त्याच हंगामात बोर्डाची परीक्षा येते. पुण्यात बसून वेळापत्रक करणाऱ्यांना खालू बाजा ऐकू येत नसावा.

मुलांसमोर आदर्श ठेवावा म्हणून मोठे सर दर वर्षी प्रार्थनेनंतर चिंतामणराव देशमुखांची गोष्ट सांगतात. त्यांचा जन्म नाते गावचा, रायगडाच्या पायथ्याकडचा, १८९६ सालचा. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. मागच्या रांगेतून दर वर्षी एक दबका आवाज येतो, "त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, सर." पण आदर्शांचा परिणाम होत नाही असं म्हणता येणार नाही. चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हेही सर सांगतात. ते ऐकून आठवी ब च्या मॉनिटरनं दुसऱ्याच दिवशी, तत्त्वाच्या प्रश्नावर, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याच्या पदाचा राजीनामा दिला. बोलणाऱ्यांत त्याचा सख्खा मावसभाऊ होता. त्या जागेवर दुसरा माणूस मिळायला दिवाळी उजाडली.

तिसरा नियम गणवेशाचा. 'गणवेश स्वच्छ, कोरडा व इस्त्री केलेला असावा.' यातल्या 'कोरडा' या शब्दावर हात वर करायची वेळ आली तेव्हा एमआयडीसीवाले पालक जागे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रश्न विचारला. "जुलैत?"

पोलादपूरला जुलैत काय कोरडं असतं याची यादी फार लहान आहे. कपडे वाळतच नाहीत. ते चुलीच्या वर वलणीवर टाकतात आणि सकाळी अर्धवट ओले, पण पूर्ण धुरकट, अंगात चढवतात. पावसाळ्यात आमच्या शाळेचा नववीचा वर्ग डोळे मिटूनही ओळखता येतो. इस्त्रीचं म्हणाल तर वीज असली तर इस्त्री, आणि वीज असते ती शाळेची वेळ झाल्यावर. बुटांचा नियमही असाच. बूट आणि मोजे घालून शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, चिखलातून आलेलं मूल शाळेत शिस्तशीर पोचतं, पण मग दिवसभर त्याच्या मोज्यांची शिस्त सगळ्या वर्गाला पाळावी लागते. शहाणी मुलं चप्पल घालून येतात, शाळेजवळच्या पडवीत पाय धुतात आणि पिशवीतून कोरडे बूट काढून घालतात. ही युक्ती कुठल्याही संहितेत नाही. ती मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येते.

इथपर्यंत आल्यावर मोठ्या सरांना वाटू लागलं की नियम पाळले जात नाहीत याचं कारण ते भीती वाटेल अशा भाषेत लिहिलेले नाहीत. तेव्हा मी एक सूचना केली. तिचे परिणाम पुढे काय होतील याची मला कल्पना नव्हती.

कशेडी उतरून खेड ओलांडलं की चिपळूण येतं. राज्याभिषेकाच्या आधी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. शिस्तीवर मराठीत यापेक्षा चांगला मजकूर मी तरी वाचलेला नाही. त्यात हुकूम आहेत आणि प्रत्येक हुकमाला लागून त्याचं कारण आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात मिळायची नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. रयतेला त्रास दिलात तर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि गवत गेलं की घोडी गेली. साम्राज्याशी झुंजणारा राजा उंदराचा विचार करतो आणि तो शिपायाला समजावून सांगतो! 'आज्ञेवरून' एवढं लिहून त्याला भागवता आलं असतं. त्याच्याकडे तर कडेलोटाचीही सोय होती.

मी म्हटलं, आपणही दोन रकाने करू. डावीकडे नियम, उजवीकडे कारण. महाराजांचं नाव आल्यामुळे कुणाला विरोध करता आला नाही.

आणि मग आमच्या आचारसंहितेला गळती लागली.

'मुलांनी केस बारीक ठेवावेत.' कारण? मोठे सर म्हणाले, शिस्त. नववीतली ती मुलगी, जी बोलणार नव्हती, वहीतून मान वर न करता म्हणाली, "सर, शिस्त कारण नाही. शिस्त तर नियमाचंच नाव झालं." मग कुणी म्हणालं, अभ्यासात लक्ष लागतं. यावर सगळ्यांच्या नजरा नकळत उपसरपंचांच्या डोक्याकडे गेल्या. तिथे एकही केस नाही, आणि ते दहावीला तीनदा बसलेले आहेत. नियम खोडला.

'मुलींनी मेंदी लावू नये.' कारण? बैठकीला बसलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, पूर्वीपासून आहे. खोडला.

'शर्ट खोचलेला असावा.' कारण? इथे नवीन सर अस्वस्थ झाले. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं शिक्षकांच्याच पोशाखाचा निर्णय काढला: जीन्स नको, टी-शर्ट नको, पुरुष शिक्षकांनी शर्ट खोचलेला असावा. तो निर्णय मुलांनी तोंडपाठ केला होता. पाढे पाठ न होणाऱ्या मुलांनी शासन निर्णय पाठ केला, यातून शिक्षणशास्त्राला पुष्कळ शिकण्यासारखं आहे. तेव्हापासून खेळाचे सर मैदानावर आले की कुठून तरी आवाज येई, "सर, खोचा!" खोचलेल्या शर्टानं लांब उडी मारून दाखवता येत नाही, हे कारण सरांनी दिलं, पण ते न खोचण्याचं कारण झालं. खोचण्याचं कारण सापडेपर्यंत नियम राखून ठेवला, महामार्गाच्या निकालाशेजारी.

'गुटखा, तंबाखू बाळगू नये.' याला कारण होतं, आणि चांगलं भरभक्कम होतं. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा केंद्राचा कायदा २००३ सालचा. आमच्या शाळेजवळची टपरी त्यामुळे हलवण्यात आली. ती एकशे एकाव्या यार्डावर आहे. पट्टी धरून मोजलेली असावी, कारण ज्याची टपरी त्याला गणितात कायम पैकीच्या पैकी पडत. नियम एकमतानं मंजूर झाला. मंजूर करताना एका सदस्यानं बाहेर जाऊन पिंक टाकून येण्यासाठी बैठक दोन मिनिटं थांबवली.

'शाळेत मोबाइल आणू नये' या नियमावर कारणं इतकी आली की रकाना पुरेना. तेवढ्यात आजोबांचा मोबाइल वाजला, मुंबईहून सुनेचा होता, आणि आजोबा तिथेच बसून, समोर सुनेचा चेहरा धरून, सगळ्या समितीला नातवाचे प्रताप मोठ्यानं सांगू लागले. आम्ही वाट बघितली. काय करणार, महिन्यातून एकदा तिला एवढा वेळ मिळतो.

सगळ्यात लवकर मंजूर झालेले नियम कुणी सुचवले होते, तर त्या मुलीनं. 'घाटात एस.टी.च्या दारात उभं राहू नये.' 'पाणी चढलेलं असताना साकवावरून जाऊ नये.' 'पाऊस फार असेल तर शेवटच्या गाडीची वाट न बघता आधीच्या गाडीनं घरी जावं आणि तशी सूट शाळेनं द्यावी.' यांना कारणांचा रकाना तिनं मोकळाच ठेवला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडालं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. आमच्याकडच्या मुलाला पावसाचा नियम समजावून सांगावा लागत नाही. त्या पुरानंतर शाळेत गुडघाभर गाळ होता. शाळा तेव्हा कोविडमुळे बंदच होती, हजेरी नव्हती, गणवेश नव्हता, प्रार्थना नव्हती. मुलं घमेली घेऊन आली आणि बाकं बाहेर काढून धुऊ लागली. त्यांत पुढे डोक्यावर टकमक टोक बांधणारे सगळे होते. कुणाचा शर्ट खोचलेला होता ते कुणी पाहिलं नाही.

बैठकीला बसणारे इतिहासाचे सर या सगळ्यात गप्प होते. ते एकदाच बोलले, तेही त्या मुलीनं विचारलं म्हणून. भिंतीवर नियमांचा फलक रंगवायचा की नाही यावर वाद चालला होता. उपसरपंचांच्या ओळखीचा पेंटर होता. मुलगी म्हणाली, "सर, फलक लावला की नियम पाळतात का?" सरांनी मग सांगितलं ते महाडच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, पण ते या बाजूनं कुणी सांगत नाही. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. झकास कागद होता. त्यानंतर तळ्यावर पाणी प्यायला कुणी गेलं नाही, कारण जाऊ दिलं गेलं नसतं, हे ठराव करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं रांगेनं, शांतपणे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, तेव्हा कुठे तो कागद पहिल्यांदा कुणी पाळला. आणि पाळणाऱ्यांनाच मार पडला! नगरपालिकेनं त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. "त्या दिवशी महाडात शिस्त कुणाकडे होती आणि बेशिस्त कुणाकडे," सर म्हणाले, "एवढंच मी मुलांना विचारतो." फलकाचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही. पेंटर बाहेर डबा घेऊन बसला होता, त्याला चहा देऊन परत पाठवलं.

शेवटी मुलांनीही आपले नियम लिहून द्यावेत असं ठरलं. आम्हाला वाटलं, सूट मागतील. आलं ते भलतंच. मुलांची शिक्षा आमच्यापेक्षा कडक होती. कॉपी करणाऱ्याला एक वर्ष घरी बसवावं असं सातवीनं सुचवलं होतं, आणि सातवी अ नं त्यात स्वतःच्या वर्गातल्या तिघांची नावंही जोडली होती. त्याखाली शिक्षकांसाठी नियम होते. तासाला मोबाइल बघू नये. फळ्यावर लिहिलेलं लगेच पुसू नये. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला बाहेर काढू नये. पेपर तपासून देतो म्हटलं की द्यावेत. घरच्यांवरून बोलू नये. आणि प्रत्येक नियमापुढे, आम्ही मागितलं नव्हतं तरी, कारणाचा रकाना काठोकाठ भरलेला. 'घरच्यांवरून बोलू नये'पुढचं कारण नवीन सरांनी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर मनातल्या मनात वाचलं. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. आमच्या मराठीच्या सरांनी हे वाचायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

आता उरलं होतं ते अंतिम मंजुरीचं. मोठ्या सरांनी फाल्गुनातला एक शनिवार ठरवला. सकाळी साडेआठ. 'सर्व सदस्यांनी वेळेवर उपस्थित राहावे', खाली सही, शिक्का.

कॅलेंडर बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात मोठ्या सरांच्या गावची पालखी होती आणि पालखी खांद्यावर घ्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. उपसरपंचांच्या मेहुण्याची हळद निघाली. एमआयडीसीवाल्यांना जोडपाळी लागली. आजोबांना मुंबईकर मुलगा शिमग्याला येतोय म्हणून स्टँडवर जायचं होतं. नवीन सर बोर्डाच्या केंद्रावर. माझी गाडी राजेवाडीच्या पुढे ट्रकमागे उभी राहिली ती राहिलीच.

मी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. स्टाफरूममध्ये शिपाईमामा खुर्च्या आत ढकलत होते. मुलगी नव्हती, सव्वानऊच्या गाडीनं परत गेली होती. कोतवालहून ती पहाटेच्या गाडीनं आली होती आणि आठ पंचवीसला हजर होती, असं मामा म्हणाले. टेबलावर समितीचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडं होतं. तिनं पट्टीनं रेघा मारून आम्हा सगळ्यांची नावं क्रमानं लिहिली होती आणि प्रत्येकासमोर लाल शाईनं 'गै.' शेजारी कारणाचा रकाना होता, तो तिनं रिकामा सोडला होता. खाली सूचना लिहिली होती:

'पुढील सभेस येताना सर्व सदस्यांनी घरून चिठ्ठी आणावी. अध्यक्षांनी पालकांची सही घेऊन आणावी.'

मोठ्या सरांच्या आई पंच्याण्णव वर्षांच्या आहेत. मामा म्हणाले, "सही देतील, पण आधी कारण विचारतील."